‘कळवतो’ म्हणणाऱ्यांनी पाहावे असे एक कोरियन गाणे

कौटुंबिक पानावर कोरियन गाण्याचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न काही वाचक बंधू-भगिनींच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच, की ही गाणी आता आपल्या घरात आलेली आहेत. चाळीत असो, कॉलनीत असो की तालुक्याच्या गावी असो, अकरावी-बारावीच्या मुलामुलींच्या मोबाईलमध्ये ती वाजत असतात. ‘कसली ही भाषा आणि कसले हे केस’ म्हणून पाठ फिरवणे सोपे आहे. पण आपली मुले काय ऐकतात, काय पाहतात आणि त्यातून प्रेम, लग्न, नकार यांविषयी काय शिकतात, हे समजून घेणे पालकांचे कामच आहे. म्हणून आम्ही आमच्या थोरल्या मुलीला शेजारी बसवून एका गाण्याचा अर्थ समजावून घेतला आणि ते चार-पाच वेळा पाहिले. जे पाहिले ते आपल्या वाचकांना सांगण्याजोगे वाटले.

गाण्याचे नाव ‘ओन्ली वन’, म्हणजे ‘एकच एक’. गायिका बोआ. जुलै २०१२ मध्ये याच नावाच्या तिच्या सातव्या कोरियन संग्रहात ते आले. आमची मुलगी तेव्हा अंगणवाडीत जात होती. आज ती कॉलेजात आहे आणि तिच्या मैत्रिणी ते नव्याने ऐकत आहेत. ताटातुटीचे गाणे आहे. चाल संथ, पण तिच्यावर नाच बसवलेला आहे, हे विशेष.

प्रथम या बाईंविषयी दोन शब्द. बोआ हिचे पूर्ण नाव क्वोन बो-आ. जन्म ५ नोव्हेंबर १९८६. दोन भावांच्या पाठची ही मुलगी. १९९८ साली भावाबरोबर ती एका संगीत कंपनीच्या चाचणीला गेली होती. गेली होती सोबत म्हणून, पण निवड करणाऱ्यांनी भावाऐवजी तिलाच घेतले. तेव्हा ती ११ वर्षांची होती. दोन वर्षे गाणे, नाच आणि परकी भाषा यांची तालीम झाली आणि ऑगस्ट २००० मध्ये, वयाच्या १३ व्या वर्षी, तिचा पहिला संग्रह आला. पुढे मार्च २००२ मध्ये तिचा ‘लिसन टू माय हार्ट’ हा जपानी संग्रह जपानच्या ओरिकॉन यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ज्या जपानने १९१० ते १९४५ पर्यंत कोरियावर राज्य केले, त्या जपानमध्ये कोरियन गायिकेला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. इतक्या लहान वयात मुलांना अशा कामाला जुंपणे आम्हाला पटत नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो. पण त्या मुलीचे कष्ट आणि तिची हुशारी यांना कमी लेखण्याचे कारण नाही.

तिच्या आधीच्या संग्रहांतील मुख्य गाणी दुसऱ्यांनी लिहिलेली असत. कंपनी ठरवणार, गीतकार लिहिणार आणि हिने गायचे. ‘ओन्ली वन’ हे संग्रहाचे मुख्य गाणे असूनही त्याचे शब्द आणि चाल दोन्ही तिची स्वतःची आहेत. तेव्हा ती २५ वर्षांची होती. पंचविशीतल्या बाईने ताटातुटीवर स्वतःच्या हाताने लिहायला घेतल्यावर काय लिहिले, ते पाहण्यासारखे आहे.

गाण्यात दोघे समोरासमोर बसलेली आहेत. अवघडलेली. इकडचे तिकडचे बोलून एकमेकांची खुशाली विचारत आहेत. बोलणे मध्येच तुटते आणि शांततेचा गारठा दोघांना धरतो. थोड्याच वेळात आपण एकमेकांना परके होणार, हे दोघांनाही माहीत आहे. तो मात्र बोलत नाही. हिला लागू नये म्हणून तो जपतो आहे, सारखा हिच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज घेतो आहे. आणि हिला नेमके तेच नको आहे. म्हणून तीच बोलते. तुला मी जाऊ देते, असे ती सांगते. पुढच्या कडव्यात ती एक गोष्ट टिपते, ती आमच्या फार मनाला लागली. तिने अचानक तसे म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव येतो. तो निश्चिंत होतो. आणि ते ती पाहते!

वाचकहो, याहून मोठे दुःख काय असते? आपण ज्याच्यासाठी झुरलो, तो आपल्या ‘नाही’ची वाट पाहत बसला होता, हे समोर बसून कळणे! पण ही बाई त्याला शिव्याशाप देत नाही. पाया पडत नाही. जीव देण्याची भाषा करत नाही. दुखते आहे असे म्हणते, वेडेपणा वाटेल तरी माझ्यासाठी तूच एक होतास असेही म्हणते, आणि निरोप घेते. प्रेम होते हे ती नाकारत नाही आणि ते संपले हेही नाकारत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे समजायला माणसाला वय लागते.

यात एवढे काय, असे कुणी म्हणेल. तर त्यासाठी कोरियातली आधीची ताटातुटीची गाणी पाहावी लागतील. गाण्याच्या चित्रफितीला छोट्या सिनेमाचे रूप द्यायची तिकडे मोठी पद्धत होती. १९९८ साली जो सुंग-मो या गायकाचे ‘टू हेवन’ गाणे आले. त्यात ली ब्युंग-हुन हा नट होता आणि गायकाचा स्वतःचा चेहरा सुरुवातीला लोकांपासून लपवून ठेवला होता. ते गाजले आणि मग गाण्याच्या चित्रफितीत नट-नट्या, अपघात, दवाखाना, अश्रू यांची रांग लागली. २००८ च्या ऑगस्टमध्ये ‘बिग बँग’ या पाच तरुणांच्या संचाचे ‘हारु हारु’ आले. ‘हारु’ म्हणजे दिवस. त्यात एका तरुणाची प्रेयसी त्याच्याच मित्राबरोबर जाते. हा चिडतो, मित्राशी मारामारी करतो. शेवटी कळते की मुलगी मरणाच्या दारात होती आणि त्याला दुःख होऊ नये म्हणून तिने त्या मित्राबरोबर हे नाटक केले होते. तो धावत दवाखान्यात पोहोचतो, तोवर सारे संपलेले असते.

गाणे चांगले आहे, आमची मुलगी अजून त्यावर रडते. पण आम्हाला विचाराल तर यात एक लबाडी आहे. मुलगी सोडून गेली, याचे कारण ‘तिला जायचे होते’ असे असूच शकत नाही. एक तर ती बेवफा असली पाहिजे, नाही तर मरायला टेकलेली असली पाहिजे. जिवंत, धडधाकट आणि आपल्या मर्जीने निर्णय घेणारी बाई त्या कथेत बसत नाही. ती मेली की सगळ्यांची सुटका होते, कुणालाच कुणाला जाब द्यावा लागत नाही.

योगायोग असा, की त्याच वर्षी, १ जानेवारी २००८ पासून, कोरियातील ‘होजू’ नावाची कुटुंबप्रमुखाची पद्धत कायद्यातून गेली. तोपर्यंत घराची सरकारी नोंद पुरुष प्रमुखाच्या नावाने होत असे. मुलगी आधी बापाच्या नोंदीत, लग्नानंतर नवऱ्याच्या नोंदीत. बायकांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे लढा दिला, २००५ साली तिथल्या घटना न्यायालयाने ही पद्धत घटनेशी विसंगत ठरवली, तेव्हा कुठे ती गेली. कायदा बदलला तरी गाण्यातली बाई लगेच बदलत नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. चार वर्षांनी आलेल्या ‘ओन्ली वन’मध्ये ती बदललेली दिसते.

या गाण्याच्या दोन चित्रफिती काढल्या गेल्या. एकीत कथा आहे, दुसरीत फक्त नाच. कथेच्या चित्रफितीत बोआबरोबर यू आ-इन हा नट आहे. अभिनय नीटनेटका, चेहरे देखणे, पण आमचे मन तिच्यात फारसे रमले नाही. गाण्याच्या शब्दांत जे आहे तेच डोळ्यांना पुन्हा दाखवले आहे. शिवाय या जगात कुणाला भाडे भरायचे नसते, कुणाची पाळी चुकत नाही, कुणाची आई आजारी नसते. आपल्याकडे दोन माणसे तुटतात तेव्हा दोन घरे, चार नातेवाईक, पगार आणि खोली हे सगळे मध्ये असते. त्याचा मागमूस इथे नाही. मुख्य ओळीत इंग्रजी शब्दांची फोडणी आहे, तीही आमच्या कानाला खटकली.

नाचाच्या चित्रफितीची गोष्ट वेगळी. तिच्यात कथा नाही, नट नाही. ती आहे आणि सोबत नर्तक आहेत. नृत्यरचना अमेरिकेतील नेपोलियन आणि टॅबिथा ड्युमो या नवरा-बायकोची आहे. ‘नॅपीटॅब्ज’ या जोडनावाने ते ओळखले जातात. हिप-हॉप हा रस्त्यावर जन्मलेला जोरकस नाच. हे दोघे तो भावगीताच्या अंगाने बसवतात. २००८ साली अमेरिकेतील एका दूरदर्शन स्पर्धेसाठी त्यांनी ‘ब्लीडिंग लव्ह’ या गाण्यावर बसवलेला नाच फार गाजला होता. त्यात कामाच्या मागे लागलेला नवरा आणि त्याला थांबवू पाहणारी बाई आहे. म्हणजे घरातली कुरबूर नाचातून सांगण्याचा या जोडप्याचा हात आधीपासून बसलेला होता.

संथ गाण्यावर नाच बसवणे अवघड. आपल्या सिनेमात विरहाचे गाणे लागले की नायिका खिडकीशी उभी राहते, नायक समुद्राकाठी चालतो. दुःखी माणसाने हलायचे नाही, असा जणू नियम आहे. इथे ती सबंध गाणे हलते आहे. पावले नेमकी पडतात, हात तोलून थांबतात, मान वळते ती ठरल्या मात्रेवर वळते. पहिल्यांदा पाहताना वाटते, एवढे दुःख आणि ही नाचते कशी? दुसऱ्यांदा पाहताना कळते की हे सावरणे आहे. ज्या बाईने घरात काही झाले तरी सकाळी सातची लोकल पकडली आहे, डबा भरला आहे, हजेरीवर सही केली आहे, तिला हा नाच समजावून सांगावा लागणार नाही. आतून कोसळत असताना शरीर नेहमीच्या शिस्तीत चालू ठेवणे म्हणजे काय, हे तिला माहीत आहे.

दुसरी गोष्ट जोडीच्या नाचाची. गाण्यात ती एका पुरुष नर्तकाबरोबर जोडीने नाचते. जोडीच्या नाचात पुष्कळदा पुरुष धरतो, उचलतो, फिरवतो आणि बाई फिरते. इथे दोघे शेजारी उभे राहून तीच पावले, त्याच मात्रेत, तितक्याच जोराने टाकतात. जवळ येतात, हात हाताला लागतो आणि पुन्हा दोघांच्या दोन जागा होतात. कोण कुणाला नाचवतो आहे असा प्रश्नच येत नाही. बरोबरीने चाललेली दोन माणसेच बरोबरीने वेगळी होऊ शकतात. जिथे एक वर आणि एक खाली, तिथे एक जण टाकतो आणि दुसरा टाकला जातो. एवढी मोठी गोष्ट एक शब्द न बोलता पावलांनी सांगितली आहे, म्हणून आमच्या मते या गाण्याची खरी चित्रफीत हीच.

दूरदर्शनवरच्या कार्यक्रमांत तर आणखी गंमत झाली. तिथे तिच्याबरोबर नाचायला तिच्याच कंपनीतील निरनिराळ्या संचांचे तरुण आले. कधी ‘सुपर ज्युनियर’चा उन्ह्योक, कधी ‘शायनी’चा तेमिन, कधी डोंग बँग शिन की या संचाचा युनहो, कधी ‘एक्सो’चा सेहुन. गाण्याचे नाव ‘एकच एक’ आणि जोडीदार मात्र बदलते! पोरींनी त्यावर थट्टा केली असेल, कुणाचा नाच चांगला यावर भांडल्याही असतील. आम्हाला त्यात दिसले ते असे, की सोबतचा माणूस बदलला तरी हिची पावले बदलत नाहीत. तिचा तोल तिच्यापाशी आहे.

आता या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध, ते सांगतो.

आम्ही गेली कित्येक वर्षे वधू-वर परिचय मेळाव्यात नोंदणीच्या टेबलावर बसतो. फॉर्म भरून घेणे, फोटो लावणे, पावती फाडणे हे आमचे काम. नंतर पाहणी होते, कांदेपोहे होतात, मुलाकडचे उठताना एक शब्द बोलतात, ‘कळवतो’. आणि मग कळवत नाहीत. आठ दिवस जातात, महिना जातो. नाही म्हणायचे धाडस नाही, वाईटपणा घ्यायची तयारी नाही. दुसरे स्थळ पाहून होईपर्यंत हे हातचे राहू द्यावे, असाही हिशेब असतो. हिशेबाच्या वहीत ‘येणे’ म्हणून दाखवलेली आणि कधीच न येणारी रक्कम काय करते, हे आम्ही ऑफिसात रोज पाहतो. ती सगळा ताळेबंद खोटा करते. मुलीच्या घरात हा ‘कळवतो’ तेच करतो.

अशाच एका मुलीचे वडील दर रविवारी आम्हाला फोन करीत. “जयभीम भाऊ, काही निरोप?” एवढेच विचारत. तीन महिने झाले. आम्ही मुलाकडे विचारले की, “बघतो, घरात बोलतो.” मुलगी सरकारी दवाखान्यात परिचारिका. एके दिवशी तिचाच फोन आला. म्हणाली, “काका, आता तुम्ही विचारू नका. मीच बोलते.” तिने सरळ मुलाला फोन केला. “तुम्हाला नाही म्हणायला जड जातंय, तर ते मी म्हणते. आमच्याकडून हा विषय संपला. बाबांना आता वाट बघायला लावू नका.” नंतर आम्हाला सांगताना ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “काका, त्याचा आवाज एकदम हलका झाला. बरं झालं तुम्हीच बोललात, म्हणाला.”

तिला वाईट वाटले नाही असे नाही. वडील तर कितीतरी दिवस ताटावर गप्प बसत. ‘मुलीने स्वतः फोन केला’ म्हणून नातेवाइकांत कुजबूजही झाली. पण त्या रविवारी त्यांच्या घरात कुणी फोनकडे पाहत बसले नाही. ‘ओन्ली वन’मधला तो सुटल्यासारखा चेहरा मुलीने वाचून दाखवला, तेव्हा आम्हाला या परिचारिका ताईंचीच आठवण झाली. देश वेगळा, भाषा वेगळी, पण न बोलणाऱ्या पुरुषाचा आवाज बाईने बोलल्यावर सारखाच हलका होतो.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. काहींना ‘नाही’ म्हणता येत नाही, तर काहींना ‘नाही’ ऐकता येत नाही. ‘ओन्ली वन’नंतर दोन वर्षांनी, जून २०१४ मध्ये, ‘बिग बँग’मधल्याच तेयांगचे ‘आईज, नोज, लिप्स’ आले. हा मुळात उत्तम नर्तक. पण या चित्रफितीत त्याने नाच बाजूला ठेवला. सबंध चित्रण सलग, एकाच तुकड्यात. उघड्या अंगाने तो गातो आणि कॅमेरा मागे मागे सरकत जातो. त्या वर्षी तिकडच्या मोठ्या समारंभात त्याला वर्षातील उत्तम गाण्याचा मान मिळाला. त्यात तो एक कबुली देतो. तुला जाऊ न देणारी माझी हाव पुढे हट्ट झाली आणि त्या हट्टाने तुलाच कोंडून ठेवले, अशा अर्थाची ती कबुली आहे. आपल्या तरुण मुलांनी हे गाणे ऐकायचे असेल तर अर्थासकट ऐकावे. एकतर्फी प्रेमातून मुलींवर हल्ले झाल्याच्या बातम्या आपल्या महाराष्ट्रात आपण वाचतो. त्या प्रत्येक बातमीच्या मुळाशी नकार सहन न झालेला एक पोरगा असतो. त्याला घरात कुणी नकार ऐकायला शिकवलेलेच नसते. मागितले ते दिले, रडला तर आणून दिले, बहिणीच्या ताटातले उचलले तरी कुणी रागावले नाही. मग एक दिवस एक मुलगी त्याला नाही म्हणते आणि त्याला ते अपमान वाटते.

प्रेमभंगाने माणूस संपत नाही, आणि नकाराने कुणाची अब्रू जात नाही, हे मुलांना सांगायला हवे. नुसते भाषण देऊन ते पोहोचत नाही. गाण्यातून पोहोचत असेल तर गाण्यातून पोहोचू द्यावे. म्हणून पालकांना आमची विनंती आहे, की मुलांच्या हातातला मोबाईल हिसकावून घेण्याऐवजी एकदा त्यांच्या शेजारी बसा आणि ‘ओन्ली वन’ची नाचाची चित्रफीत पाहा. त्यांना अर्थ विचारा. ती बाई का रडत नाही, तो माणूस का गप्प आहे, यावर बोला. मुलगा असेल तर त्याला जरूर विचारा, की तू त्या खुर्चीवर असतास तर तिच्यावर ही वेळ आणली असतीस का?

आमच्यापुरते आम्ही एक काम केले आहे. यंदाच्या मेळाव्याच्या फॉर्मवर, खाली सहीच्या वर, एक ओळ वाढवून घेतली आहे. ‘पाहणीनंतर आठ दिवसांत होकार किंवा नकार स्पष्ट शब्दांत कळवू.’ त्याखाली मुलाची आणि मुलीची, दोघांचीही सही घ्यायची आहे. काही वडीलधाऱ्यांनी नाक मुरडले, लग्नाच्या गोष्टीत असे लेखी कुठे असते, म्हणाले. आम्ही म्हटले, नकार तोंडाने येत नाही म्हणूनच तर कागद लागतो.